प्रोवाल: बैकालच्या काठचं खचलेलं रान

आम्ही कोयना खोऱ्यातले, तालुका पाटण. आमच्याकडे नुसतं 'भूकंप' म्हटलं की कुठला, असं कुणी विचारत नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. आई तेव्हा सात वर्षांची होती. आढं खाली यायच्या आत आजीनं तिला पोतं फेकावं तसं दाराबाहेर भिरकावलं. ही हकिकत मी इतक्यांदा ऐकलीय की कधीकधी वाटतं, दाराबाहेर मीच पडलो होतो. भूकंपग्रस्ताचा दाखला आमच्या घरात अजून लॅमिनेट करून ठेवलेला आहे, रेशनकार्डाच्याही वर.

धाकटी बहीण कराडला भूगोल शिकवते. सैबेरियातल्या बैकाल तळ्याचं खूळ तिचं. दोन वर्षं माझ्या मागं लागली होती, "दादा, तिथं एका दुपारी अख्खं रान तळ्यात गेलंय, वस्त्यांसकट. बघून येऊ." लोक बैकालला जातात ते हिवाळ्यात, निळ्या बर्फावर पालथं पडून फोटो काढायला. आम्ही २०२४ च्या सप्टेंबरात गेलो. जे बघायला निघालोय ते दिसणार नाही, हे तिला आधीपासून ठाऊक होतं. मला सांगितलं नव्हतं इतकंच.

दिवस पहिला: इर्कुत्स्क

दिल्ली, मॉस्को, इर्कुत्स्क. व्हिसा ऑनलाइन मिळाला, पण आपली कार्डं तिथं चालत नाहीत, त्यामुळे डॉलर पोटाशी बांधून प्रवास. मॉस्कोहून पुढचं विमान जवळपास सहा तास उडतं आणि खाली बघावं तेव्हा जंगलच. उतरलो तेव्हा घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आणि डोकं दोन दिवस मागे.

संध्याकाळी पाय मोकळे करायला जुन्या भागात गेलो. लाकडी घरं, खिडक्यांना कोरीव नक्षीच्या चौकटी. त्यातली काही घरं इतकी रुतलीत की खिडकीचा तळ फुटपाथला टेकलाय. आतल्या बाईचं डोकं आणि बाहेरच्या माणसाचे बूट एका पातळीत. मी लगेच फोन काढला, "हे बघ, खचलेलं!" बहीण म्हणाली, "ते भूकंपानं नाही. रस्ते वर्षानुवर्षं भरत गेले आणि घरं आपल्या वजनानं बसत गेली." पहिल्याच दिवशी विद्यार्थी नापास.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला ॲपमधून विचारलं, इथं भूकंप जाणवतात का? तिनं बोटं मोजायला घेतली. २०२० च्या सप्टेंबरात मध्यरात्री दोनला एक. २०२१ च्या जानेवारीत पहाटे साडेपाचला दुसरा, तो मोठा, ६.७ तीव्रतेचा. केंद्र मंगोलियातल्या खुव्सगुल तळ्यापाशी, पण इर्कुत्स्कची माणसं रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून रस्त्यावर आली होती. जानेवारीत, सैबेरियात. "आम्ही गाडीत हीटर लावून बसलो, पेट्रोल संपेपर्यंत," ती म्हणाली. बहिणीनं तारीख विचारली. १२ जानेवारी. आमची दोघांची नजरानजर झाली. आम्ही ज्यासाठी आलो होतो तो भूकंपही १२ जानेवारीचाच, साल १८६२. तेव्हाच्या रशियन कॅलेंडरात तो दिवस होता ३१ डिसेंबर. जुनं वर्ष संपायला काही तास उरले होते. त्या दिवशी इर्कुत्स्कच्या चर्चांतल्या घंटा कुणी न ओढता वाजल्या, अशी नोंद आहे.

खुव्सगुल काय, बैकाल काय, एकाच खचदरीच्या, म्हणजे जमीन फाटून खचत गेलेल्या दरीच्या, माळेतले मणी. ही माळ मंगोलियापासून ईशान्येला दीड हजार किलोमीटरच्याही पुढे जाते.

दिवस दुसरा: लिस्तव्यांका

इर्कुत्स्कहून तासाभरात मिनीबस तळ्याकाठच्या लिस्तव्यांका गावात सोडते. पहिलं दर्शन तसं साधंच झालं. धुकं, थंड वारा, पार्किंगमध्ये मासे भाजल्याचा वास. मग धुकं हटलं आणि समोरच्या तीरावरचे बर्फाचे डोंगर दिसले. आम्ही कोयनेचा शिवाजीसागर बघत मोठे झालो, पाण्याचं अप्रूप वाटायला नको होतं. पण वाटलं.

बैकालची कमाल खोली १६४२ मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेली आख्खी कळसूबाई उचलून बैकालच्या तळाशी ठेवली, तर माथ्यावरचं देऊळ तेवढं पाण्याबाहेर राहील. आणि तो तळही खरा तळ नाही. त्याच्याखाली काही ठिकाणी सात किलोमीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. अडीच-तीन कोटी वर्षं जमीन खाली जातेय आणि नद्या तिच्यात माती ओततायत. तरी भरलं नाही.

इथल्या बैकाल संग्रहालयात काचेमागं नेर्पा, म्हणजे बैकालचे गोड्या पाण्यातले सील, पाण्यात गिरक्या घेत होते. पिंपाला डोळे फुटावेत तसा प्राणी. पोरं काचेला चिकटली होती, मीही. बहीण मात्र तळ्याच्या उभ्या छेदाच्या नकाशापाशी अर्धा तास उभी. मला बोलावून तिनं तिथल्या तिथं तास घेतला. पश्चिम काठ ताठ, पाण्यात पाऊल टाकलं की खोली. पूर्व काठ मात्र निवांत उतरत जाणारा. "जुन्या घरात बळदावर फळी असायची बघ. ती एका बाजूनं निखळली आणि दुसऱ्या बाजूच्या बिजागरीवर लोंबकळत राहिली, तसं आहे हे. निखळलेली बाजू आपल्या पायाखाली. बिजागरी समोर, तिकडं." फळी एकदम निखळत नाही. थोडी सरकते, अडकते, ताण साठतो, परत सरकते. प्रत्येक सरकणं म्हणजे एक भूकंप.

परतताना अंगारा नदीच्या तोंडाशी थांबलो. बैकालला तीनशेच्या वर नद्या-ओढे येऊन मिळतात, बाहेर पडते ती एकटी अंगारा. लोककथा अशी की ही बापाची लाडकी लेक, येनिसेईवर भाळून रात्रीत पळाली. बापानं तिच्या मागं फेकलेला धोंडा अजून नदीच्या तोंडात आहे. त्याला शामान खडक म्हणतात. आता त्याचं टोक तेवढं दिसतं, कारण पुढं इर्कुत्स्कला धरण झालं आणि अख्ख्या बैकालची पातळी सुमारे एक मीटरनं वर आली. धरण म्हटल्यावर आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली. हे धरण पुढं पुन्हा भेटणार होतं.

दिवस तिसरा: गाडी

इर्कुत्स्क ते उलान-उदे साडेचारशे किलोमीटर. ट्रान्स-सैबेरियनची गाडी सात-आठ तास घेते आणि त्यातला मोठा भाग तळ्याला अगदी चिकटून जाते. डावीकडची खिडकी पकडा, दुसरा सल्ला नाही. डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा बंब. आम्ही कराडहून नेलेला चहा-मसाला काढला तशी समोरच्या बाकावरची आजी नाक उंचावून बघायला लागली. तिला कप दिला. तिनं बदल्यात उकडलेली अंडी आणि काकडी दिली. भाषा लागली नाही.

डोंगरावरून गाडी वळणं घेत खाली उतरते तिथं तळ्याचं नैर्ऋत्य टोक एकदम समोर येतं. खाली दिसतं ते कुल्तुक. २७ ऑगस्ट २००८ ला इथं ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, केंद्र पाण्याखाली. पुढं स्ल्युद्यांका, संगमरवरी स्टेशन. काही मिनिटांचा थांबा आणि फलाटावर धुरावलेल्या माशांचा बाजार. बैकालचा प्रसिद्ध मासा ओमुल, पण २०१७ पासून त्याच्या व्यावसायिक मासेमारीवर बंदी आहे. फलाटावरची बाई शपथेवर सांगत होती की हा ओमुलच. आम्ही जो काय होता तो खाल्ला. चव घेताना कायदा आठवला नाही.

मग खिडकीला नुसतं पाणी. बहिणीनं बोटानं लांब आत दाखवलं. तिकडं कुठंतरी २९ ऑगस्ट १९५९ चा भूकंप झाला, ६.८ तीव्रतेचा, आणि केंद्राजवळ तळ्याचा तळ पंधरा-वीस मीटरनं खाली गेला. म्हणजे पाच-सहा मजली इमारत बुडेल एवढा. वरून पाहणाऱ्याला काय दिसलं असेल? पाणीच.

"पण हे फाटतंय कशानं?" मी विचारलं. तिनं उत्तर द्यायच्या आधी चहा संपवला.

"आपण."

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा येऊन आशियाला धडकला आणि अजून उत्तरेला रेटतोच आहे. हिमालय त्यातून उभा राहिला. १९७५ मध्ये मोल्नार आणि तापोनिये या दोन भूशास्त्रज्ञांनी मांडलं, की हा रेटा हिमालयाशी संपत नाही, आशियाचे तुकडे त्यानं बाजूला सरकतात आणि बैकालची चीर त्याच ओढाताणीत उघडते. सगळ्यांना ते पटलेलं नाही. कुणी जमिनीखालून वर येणाऱ्या उष्ण द्रव्याकडे बोट दाखवतं, कुणी पॅसिफिकच्या बाजूच्या ओढीकडे. काठ मात्र दर वर्षी चारेक मिलिमीटरनं एकमेकांपासून लांब जातायत, ते मोजलेलं आहे.

माझ्या डोक्यात एकच चित्र. आमच्या भावकीत बांध रेटणारा एक चुलता होता. दर पावसाळ्यात एक वीत. पन्नास वर्षांत शेजाऱ्याचं अर्धं वावर गेलं आणि कुणालाच कधी दिसलं नाही. "म्हणजे आपण बांध रेटला आणि फट पडली इथं?" बहीण हसली. "परीक्षेत असं लिहिलंस तर पाचापैकी तीन मार्क देईन."

दिवस चौथा: उलान-उदे

थोडक्यात आटपतो. हे बुर्यातियाचं, म्हणजे रशियातल्या बुर्यात लोकांच्या प्रांताचं, मुख्य शहर. चौकात लेनिनचं नुसतं डोकं आहे, चौथऱ्याशिवायही साडेसात मीटरहून उंच. त्याच्यासमोर उभं राहिलं की घरच्या अभ्यासाची वही विसरल्यासारखं वाटतं. इवोल्गिन्स्कच्या बौद्ध मठात प्रार्थनाचक्रं फिरवली. 'ओम मणि पद्मे हुम्' ऐकून बरं वाटलं, चार दिवसांत पहिल्यांदा काहीतरी कळलं. दुपारी बूझ खाल्ले, म्हणजे मांस भरलेले मोदकच. तोंड उघडं ठेवलेल्या मोदकातला गरम रस आधी चोखायचा आणि मग चावायचं. मी उलटं केलं आणि शर्ट धुवावा लागला.

दिवस पाचवा: काबान्स्क, कुदारा आणि ओयमुर

सकाळी ठरवलेली गाडी आली. ड्रायव्हरदादा बुर्यात, पन्नाशीचा, गप्प. खिंडीत एका ठिकाणी झाडांना रंगीत फडक्यांच्या चिंध्या बांधलेल्या दिसल्या. तिथं थांबून त्यानं थर्मासमधला दूध घातलेला चहा चारी दिशांना शिंपडला. आमच्या हातावरही थोडा ओतला. आम्हीही शिंपडला. घाटाच्या म्हसोबाला नारळ दिल्याशिवाय आपणही पुढं जात नाही.

आम्ही निघालो होतो त्या उपसागराचं नाव प्रोवाल. 'प्रोवाल' म्हणजे काय, असं त्याला विचारलं. रशियनमध्ये खचणं, कोसळणं, आणि नापास होणंही तेच. त्यानं ॲपमध्ये बोलून दाखवलं: "माझा मुलगा गणितात प्रोवाल." दिवसभरातलं त्याचं हे सर्वांत मोठं वाक्य.

काबान्स्कच्या पुढं डोंगर मागं हटतात आणि सेलेंगेचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो. सेलेंगा मंगोलियातून येते. बैकालमध्ये नद्यांचं जेवढं पाणी येतं त्यातलं जवळपास निम्मं एकटी तीच आणते, आणि त्याच्याबरोबर गाळ. सपाट रान, गवताच्या गंजी, मोकाट गाई, निळ्या खिडक्यांची लाकडी घरं. उसाची मळी वजा केली तर कृष्णाकाठ म्हणावा.

कुदारा गावात गाडी थांबवायला लावली. बघायला काही नव्हतं. एक दुकान, एक बाक, बाकावर मांजर. बहीण रस्त्याच्या मध्ये उभी राहून सांगत होती. १८६२ च्या त्या दुपारी या गावातल्या विहिरींच्या लाकडी चौकटी बाटलीच्या बुचासारख्या उडाल्या. आतून कोमट पाण्याचे फवारे सहा मीटरपर्यंत चढले. वर हाडं गोठवणारी जानेवारीची थंडी, तळं गोठलेलं, आणि जमिनीतून कोमट पाणी. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी काय समजायचं?

मग ओयमुर. रस्ता संपतो, गाव संपतं, आणि पाणी लागतं.

तोच प्रोवाल. मी गाडीतून उतरलो आणि उभा राहिलो. काहीच नव्हतं. उथळ, शांत, आभाळाच्या रंगाचं पाणी. काठाला लव्हाळी, दोन होड्या उलट्या घातलेल्या. तीन गाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून शेपटीनं माशा हाकत होत्या. लांब पलीकडं वाळूच्या पट्ट्याची एक बारीक रेघ. "कुठंय?" मी विचारलं. बहीण म्हणाली, "हेच."

इथं पाणी नव्हतं. इथं त्सागान नावाचं गवताळ रान होतं, बुर्याती भाषेत त्सागान म्हणजे पांढरं. बुर्यातांच्या वस्त्या होत्या, सुमारे तेराशे माणसं, त्यांची हिवाळी घरं, गुरं, गवताच्या गंजी. आधीच्या दिवशी धक्के बसले. ३१ डिसेंबरच्या दुपारी मोठा धक्का आला, आजच्या हिशेबानं साडेसात तीव्रतेच्या आसपासचा. रानाला भेगा पडल्या, भेगांतून वाळू आणि पाणी वर आलं, आणि अख्खं रान बसायला लागलं. वाळूचा जो बांध रान आणि तळं वेगळं ठेवत होता तोही खाली गेला. मग बैकालनं आपला बर्फ फोडला आणि तो आत आला. जवळपास २०० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. बृहन्मुंबई महापालिकेची हद्द घ्या आणि तिच्या निम्म्याला थोडी कमी, एवढी. पलीकडं दिसणारी बारीक रेघ म्हणजे त्या जुन्या बांधाचा उरलेला माथा.

माणसं फार मेली नाहीत, बोटावर मोजण्याइतकी. गुरं मात्र गेली. गवत गेलं, धान्य गेलं, आणि हिवाळा अजून निम्मा बाकी होता. 'माणसं वाचली' हे वाक्य आपण किती पटकन म्हणतो. आमच्याकडे सदुसष्टला सुमारे १८० माणसं गेली. कोयनानगरातली बहुतेक घरं पडली, धरणाला तडे गेले, मुंबईची वीज गेली. पण आजी सांगायची ते आणखी वेगळं होतं. तिला घर पडल्याचं तेवढं दुःख नव्हतं. पेरणीचं बी मातीखाली गेलं, ते वेचून काढायला तीन दिवस लागले आणि त्यातही निम्मं भिजलेलं, हे ती मरेपर्यंत बोलत राहिली.

एवढी जमीन एकदम बसली कशी? खाली भेगाळलेला खडक सरकला, हे एक कारण. दुसरं कारण बहिणीनं आजीच्याच भाषेत सांगितलं. पायलीत ज्वारी भरताना पायली जमिनीवर आपटली की ज्वारी दबते, वर जागा होते. त्रिभुज प्रदेशातला गाळ म्हणजे सैल भरलेली, वर पाण्यानं भिजलेली पायली. भूकंपानं ती आपटली. दाणे दबले, दाण्यांमधलं पाणी वाट मिळेल तिथून वर उसळलं. कुदाऱ्याच्या विहिरींतून आलं ते हेच. कोयनेचं गणित वेगळं, तिथं खाली काळा कातळ आणि वर धरणाच्या पाण्याचं ओझं. इथं तळं आधी होतं, ओझं करोडो वर्षांचं.

ड्रायव्हरदादा सिगारेट संपवून आला. पाण्याकडे हात करून म्हणाला, पुढं इर्कुत्स्कच्या धरणानं पातळी वाढली तेव्हा काठ आणखी खाल्ला गेला. ॲपनं भाषांतर केलं: "अर्धं देवानं घेतलं, अर्धं सरकारनं." पाटण तालुक्यात हे वाक्य भाषांतर न करता चाललं असतं.

मुक्काम ओयमुरमध्येच, एका बाबुश्काच्या घरी. बाबुश्का म्हणजे आजी. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी दुखणाईत, आवाज खणखणीत. घराच्या मधोमध पेच, विटांची मोठी चूल. तिच्यावर स्वयंपाक, तिच्यातून ऊब, तिच्या माथ्यावर मांजराचं अंथरूण. पांढरा चुना दिलेल्या त्या चुलीच्या कुशीतून एक रेघ छतापर्यंत चढत गेली होती, बोटभर रुंद, मातीनं लिंपलेली. मी रेघेकडे बघतोय हे तिनं बघितलं.

२०२० चा डिसेंबर, पहाट व्हायची होती. केंद्र इथंच, कुदाऱ्याकडे, तीव्रता साडेपाचच्या आसपास. भूकंपाच्या भाषेत मध्यम. तिच्या भाषेत: आधी कुत्रा रडला, मग कपाटातल्या बशा बोलल्या, मग चूल फुटली. धुराड्याच्या विटा छपरावर गडगडल्या. घर लाकडी, ओंडक्यांचं, त्याला काही झालं नाही. ते डोललं आणि जागेवर आलं. पण सैबेरियाच्या डिसेंबरात फुटलेली चूल म्हणजे काय? पेटवली तर धूर घरात कोंडून माणूस मरतो. नाही पेटवली तर थंडीनं मरतो. शेजारपाजारी बऱ्याच चुलींचं असंच झालेलं. दोन दिवस ती लेकाच्या घरी राहिली, मग चुलीचा कारागीर आला. तिनं रेघेवर अंगठा फिरवला. लिंपण एका जागी परत केसाएवढं सुटलं होतं. "दर वर्षी," ती म्हणाली आणि खांदे उडवले. सारवण पोपडलेल्या भिंतीवर आमची आजी अगदी असाच अंगठा फिरवायची.

झोपायच्या आधी तिनं एक गोष्ट केली. कपाटातल्या दोन ॲल्युमिनियमच्या वाट्या एकमेकींना टेकतील न टेकतील अशा कडेला आणून ठेवल्या. बहिणीनं मला कोपरानं ढोसलं. आमच्या घरी फडताळात आई तांब्यावर पेला पालथा घालते, थोडा तिरका. जरा जमीन हलली की खणखण वाजतो. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी तांब्या-पेला असाच ठेवतात.

दिवस सहावा: ओयमुर ते उलान-उदे

पहाटे काठावर गेलो. पाण्यावर वाफ, आणि वाफेत पक्षी. प्रोवाल आणि सेलेंगेचा मुखप्रदेश हा पाखरांचा मोठा मुक्काम आहे. खचलेलं रान उथळ राहिलं, लव्हाळी माजली, मासळी वाढली, आणि पाखरांनी ते ताब्यात घेतलं. काठालगत केशरी रंगाची एक जोडी चरत होती. बहिणीनं दुर्बीण दिली. चक्रवाक! हिवाळ्यात उजनीला जे बघतो तेच पाखरू. उजनीचे नेमके इथूनच येतात असं काही मी म्हणणार नाही. बुर्यात बौद्ध त्याला मारत नाहीत, त्याच्या अंगावर लामाच्या वस्त्राचा रंग आहे म्हणून.

बाबुश्कानं निघताना बरणीभर मुरंबा दिला, लिंगनबेरीचा, आपल्या करवंदाच्या जवळ जाणारा. पैसे घेतले, मुरंब्याचे नाही घेतले. बहिणीनं पर्समधला मसाल्याचा डबा तिच्या हातात ठेवला. तिनं वास घेतला, शिंकली, आणि परत वास घेतला.

काबान्स्कच्या अलीकडं रेंज आली तसा आईला व्हिडिओ कॉल लावला. फोनवर तिचं कपाळच दिसत होतं, नेहमीसारखं. मी उत्साहानं सगळं सांगायला लागलो. रान, विहिरी, फुटलेली चूल, वाट्या. ती ऐकत होती, मधे 'हं' म्हणत होती.

"एवढं खर्चून गेलाय तर नीट बघा," ती म्हणाली. "हितं परवा रात्री पेला वाजला. मी उठून दारात बसले घटकाभर. मग परत लागला डोळा."